वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर एकाच यादीत कसे बसवायचे

1969 मध्ये मायामीतल्या एका बंद स्टुडिओत माजी हेवीवेट जगज्जेते रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली रिंगमध्ये समोरासमोर आले. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. वजन उतरवून, टकलावर केसांचा टोप चढवून तो आला होता. अलीवर तेव्हा बंदी होती, हाताला काम नव्हतं. दोघांनी हलक्या हाताने कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळल्या, वेगवेगळे शेवटही चित्रित केले. कोणता शेवट दाखवायचा हे संगणक ठरवणार होता. जानेवारी 1970 मध्ये ती चित्रफीत थिएटरांत लागली आणि त्यात मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट केलं. वाद मिटला का? अजिबात नाही. संगणकात भरलेले आकडे शेवटी माणसांनीच अंदाजाने ठरवलेले होते.

बॉक्सिंगमध्ये नव्याने रस घेणारा प्रत्येक जण पहिल्या काही महिन्यांतच या वादात ओढला जातो. शुगर रे रॉबिन्सन मोठा की फ्लॉइड मेवेदर? जो लुई आजच्या उंचापुऱ्या हेवीवेटपुढे, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या बॉक्सरपुढे, टिकला असता का? अशा वादांत नुसतं हिरिरीने न बोलता स्वतःची यादी नीट तयार कशी करायची, ते इथे सांगतो.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा

‘सर्वोत्तम कोण’ या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न लपलेले असतात. दोघांना एका रिंगमध्ये सोडलं तर कोण जिंकेल, हा पहिला. आपापल्या काळात कोणी जास्त मोठी कामगिरी केली, हा दुसरा. आणि वजनाचा फरक बाजूला ठेवला तर कसबात कोण सरस, म्हणजे ज्याला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात, तो तिसरा. दोन माणसं तासभर भांडतात तेव्हा बहुतेकदा एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्याचं.

नवख्या माणसाने पहिला प्रश्न सरळ सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच काळातल्या, एकमेकांशी खरोखर लढलेल्या बॉक्सरांच्या बाबतीतही ‘कोण कोणाला हरवेल’ याचं गणित सरळ सुटत नाही. 1971 मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. जानेवारी 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून संपवलं. मार्च 1973 मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून लढत जिंकली आणि वर्षभराने फोरमनने नॉर्टनचाही दोन फेऱ्यांत निकाल लावला. या हिशेबाने ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासात फोरमनपुढे अलीची धडगत नव्हती. प्रत्यक्षात आठव्या फेरीत आडवा झाला तो फोरमन. कोणाची शैली कोणाला जड जाते हे आधी कळत नाही, म्हणूनच तर लढत पाहायला लोक येतात. मग साठ वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांबद्दल छातीठोकपणे काय सांगणार?

पुढच्या सगळ्या पायऱ्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत: आपल्या काळात, समोर जे उपलब्ध होते त्यांच्याविरुद्ध, कोणी किती करून दाखवलं?

दुसरी पायरी: रेकॉर्ड बाजूला ठेवा, प्रतिस्पर्ध्यांची यादी काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवखा वाचक आधी जय-पराजयाचे आकडे पाहतो आणि तिथेच फसतो. 49-0 हा मार्सियानोचा आकडा, 50-0 हा मेवेदरचा. त्यांच्यापुढे 19 वेळा हरलेला शुगर रे रॉबिन्सन आकड्यांत मागे वाटतो. आता रॉबिन्सनचे ते 19 पराभव तारखांसकट पाहा. कारकिर्दीतल्या पहिल्या 40 लढती त्याने जिंकल्या. फेब्रुवारी 1943 मध्ये जेक लामोटाकडून तो हरला. त्यानंतर जुलै 1951 मध्ये लंडनला रँडी टर्पिनने हरवेपर्यंत त्याला कोणी हात लावू शकलं नाही. 19 पैकी तब्बल 15 पराभव वय 35 झाल्यानंतरचे आहेत. तो 44 वर्षांचा होईपर्यंत लढत राहिला. 1952 चा जोई मॅक्सिमविरुद्धचा पराभव तर वजनाने जड जगज्जेत्याविरुद्ध, गुणांमध्ये पुढे असताना, न्यूयॉर्कच्या भयंकर उकाड्यात तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठता न आल्यामुळे झालेला. त्या उकाड्याने रेफरीलाही मधेच बदलावं लागलं होतं.

म्हणून वहीत प्रत्येक बॉक्सरसाठी एक पान करा. त्याने हरवलेल्या सर्वांत चांगल्या दहा जणांची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी: त्या दिवशीचं वय, त्या दिवशीचं वजन, त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने काय केलं होतं, आणि त्यानंतर त्याने काय केलं. शेवटचा रकाना लोक विसरतात. हरल्यानंतरही जो पुढे मोठे विजय मिळवतो, त्याला हरवणं मोठं. हरल्यावर जो संपतो, तो कदाचित आधीच संपत आलेला असतो.

या पद्धतीने मार्सियानो आणि एझर्ड चार्ल्स यांची पानं शेजारी ठेवून पाहा. मार्सियानोच्या पानावर नावं मोठी आहेत: जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, चार्ल्स, आर्ची मूर. वयाचा रकाना भरला की चित्र बदलतं. 1951 मध्ये लुई 37 वर्षांचा होता. 1952 मध्ये वॉलकॉट 38 चा. मूर 1955 मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर. चार्ल्स 32 चाच होता, पण त्याच्या अंगावर नव्वदहून अधिक लढती होत्या.

आता चार्ल्सचं पान. 25 पराभव, त्यामुळे पहिल्या नजरेत तो कोणाच्याच यादीत बसत नाही. पण निम्म्याहून अधिक पराभव मार्सियानोशी झालेल्या पहिल्या लढतीपासूनचे, म्हणजे उताराचे. त्याआधीच्या काळात त्याने ऐन भरातल्या मूरला तीनदा हरवलं, ज्याच्या वाट्याला जायला जगज्जेतेही कचरत त्या चार्ली बर्लीला दोनदा हरवलं, आणि हे सगळं हेवीवेटहून हलक्या मिडलवेट आणि लाइट हेवीवेटच्या अंगाने. पुढे हेवीवेटमध्ये जाऊन वॉलकॉट आणि लुई यांना हरवून जगज्जेता झाला, ते वेगळंच. लाइट हेवीवेटचं जागतिक विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही, कारण त्यासाठी लढायची संधीच मिळाली नाही. तरी त्या गटातला आजवरचा सर्वोत्तम म्हणून अनेक जाणकार त्याचंच नाव घेतात. माझ्या यादीत तो मार्सियानोच्या वर आहे.

मार्सियानोवर अन्यायही करू नका. समोर जो आला त्याला त्याने हरवलं, कोणाला टाळलं नाही. आपल्या आधीची पिढी म्हातारी झाली आणि पुढची अजून आलेली नव्हती, यात त्याचा काय दोष? पण यादीत दोष मोजायचा नसतो, काम मोजायचं असतं.

तिसरी पायरी: झालेल्या लढतींइतक्याच न झालेल्या लढती पाहा

जॅक जॉन्सन 1908 मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. 1915 मध्ये हवानात त्याने विजेतेपद गमावलं. त्यानंतर 1937 मध्ये जो लुईला संधी मिळेपर्यंत, म्हणजे 22 वर्षं, एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं तेव्हाचा जगज्जेता जॅक डेम्प्सी याच्या दारात उभा राहिला, ती लढत झालीच नाही. सॅम लँगफर्डची गोष्ट त्याहून वाईट. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. 1903 मध्ये त्याने लाइटवेटचा जगज्जेता जो गॅन्स याला हरवलं, तेव्हा विजेतेपद पणाला लागलेलं नव्हतं. पुढे तो हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी लढला. हेवीवेट विजेतेपदाची लढत त्याला कधीच मिळाली नाही. स्वतः जॉन्सनने 1906 मध्ये आपल्यापेक्षा बऱ्याच हलक्या लँगफर्डला हरवलं होतं, पण जगज्जेता झाल्यावर त्याच्याशी पुन्हा लढायचं नाव काढलं नाही. दार एकदा उघडल्यावर ते आतून लावून घेणाराही तोच.

याचा यादीवर परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. डेम्प्सीच्या पानावर विल्सची जागा रिकामी आहे, तिथे काट मारायलाच हवी. आणि लँगफर्ड, बर्ली यांच्यासारख्यांना ‘पट्टा (म्हणजे जागतिक विजेतेपद) नव्हता’ म्हणून खाली ढकलता येत नाही.

चौथी पायरी: नियम बदलले, त्याचा हिशेब करा

फेऱ्यांची संख्या हा सर्वांत मोठा बदल. जागतिक विजेतेपदाच्या लढती कित्येक दशकं 15 फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने 12 फेऱ्यांची मर्यादा घातली आणि दशक संपेपर्यंत बाकीच्या संघटनाही त्याच वाटेने गेल्या. सुरक्षेसाठी निर्णय योग्यच होता. पण जुन्या तीन लढती 12 फेऱ्यांवर थांबवून पाहा. 1941 मध्ये बिली कॉन बाराव्या फेरीअखेर जो लुईच्या पुढे होता, तेराव्यात नॉकआउट झाला. 1952 मध्ये वॉलकॉट मार्सियानोच्या पुढे होता, तेराव्यात एका ठोशात संपला. 1981 मध्ये टॉमी हर्न्स शुगर रे लेनर्डच्या पुढे होता, चौदाव्यात रेफरीने लढत थांबवली. आजच्या नियमांत या तीनही लढतींचे निकाल उलटे लागले असते आणि मार्सियानोचं ते 49-0 उरलंच नसतं. शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी दम राखून ठेवणं हे जुन्या बॉक्सरचं वेगळं कसब होतं आणि आजच्या बॉक्सरला ते सिद्ध करायची संधीच नाही. दोघांनाही याबद्दल दंड करू नका, फक्त लक्षात ठेवा.

दुसरा बदल पट्ट्यांचा. एके काळी आठ वजनगट होते आणि साधारणपणे प्रत्येकात एक जगज्जेता. आज सतरा गट धरले आणि चार मोठ्या संघटना (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) धरल्या तर एकाच वेळी 68 मुख्य पट्टे होतात. त्यामुळे ‘तीन गटांतला जगज्जेता’ हे शब्द 1938 मध्ये आणि आज एकाच किमतीचे नाहीत. हेन्री आर्मस्ट्राँगकडे 1938 मध्ये फेदरवेट, वेल्टरवेट आणि लाइटवेट ही तीन विजेतेपदं एकाच वेळी होती, आठांपैकी तीन. 1940 मध्ये त्याने मिडलवेटसाठीही लढून बरोबरी केली. याच्याजवळ जाणारी आजची कामगिरी हवी असेल तर पट्टे मोजू नका. मॅनी पॅकियाओने 1998 मध्ये फ्लायवेटला, म्हणजे 112 पाउंडांना पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि बारा वर्षांनी ज्युनियर मिडलवेटला, म्हणजे 154 पाउंडांच्या गटात. वाटेत कोणाकोणाला हरवलं ते पाहा. एखाद्या गटात चारही पट्टे एकाच माणसाकडे आले असतील, जसे नाओया इनोउएने दोन गटांत आणले, तर ते जुन्या एकमेव जगज्जेत्याच्या जवळपास मानायला हरकत नाही.

तिसरा बदल वजन करण्याच्या वेळेचा. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन होई, आता आदल्या दिवशी होतं. शरीरातलं पाणी काढून काट्यावर उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी कित्येक किलो वाढवून रिंगमध्ये यायचं, हे आज सर्रास चालतं. म्हणून 1945 चा वेल्टरवेट आणि आजचा वेल्टरवेट कागदावर 147 पाउंडांचे असले तरी रिंगमध्ये एकाच मापाचे नसतात.

बाकी छोटे नियम ओघाने कळतील. 1919 मध्ये डेम्प्सी खाली पडलेल्या जेस विलर्डच्या डोक्यावर उभा राहून तो उठायची वाट पाहू शकत होता. 1927 पर्यंत नियम बदलला होता: पाडणारा तटस्थ कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू होत नसे. जीन टनीला पाडल्यावर तोच डेम्प्सी तिथे जायला उशीर करून बसला, मोजणी लांबली आणि टनी सावरला. एवढं समजलं तरी पुरे.

पाचवी पायरी: चित्रफिती पाहा, पण जपून

मूकपटाच्या काळातल्या लढती हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, कमी चौकटींत चित्रित झाल्या. त्या आजच्या वेगाने चालवल्या की माणसं बाहुल्यांसारखी टकटक हलतात आणि नवखा हसून म्हणतो, ‘यांना लढता तरी येत होतं का?’ वेग दुरुस्त केलेली प्रत शोधा, मगच मत बनवा. शिवाय तेव्हाचे हातमोजे पातळ होते आणि लढती लांबलचक चालत. 1915 ची हवानाची लढत सव्वीस फेऱ्या गेली. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला ठोशांचा पाऊस पाडणं वेडेपणाचं ठरलं असतं. एकमेकांना धरून ठेवणं आणि जवळून लढणं हा तेव्हा अर्धा खेळ होता.

काहींच्या बाबतीत पाहायला काहीच नाही. 1922 मध्ये जीन टनीला त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतला एकमेव पराभव देणारा हॅरी ग्रेब सुमारे 300 लढती लढला, पण त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत हाती लागलेली नाही. सरावाचे थोडे तुकडे आहेत, बस्स. शिवाय अमेरिकेत 1912 ते 1940 एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बॉक्सिंगच्या फिल्म न्यायला कायद्याने बंदी होती. वेल्टरवेटच्या काळातला रॉबिन्सन, म्हणजे जाणकारांच्या मते खरा रॉबिन्सन, आपल्याला फारच थोडा दिसतो. आपण पाहतो तो मुख्यतः मिडलवेटचा, तिशी ओलांडलेला.

चित्रफीत नसेल तिथे त्या काळची वर्तमानपत्रं हा आधार. तिथे एक खाचखळगा आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी गुणांवर निकाल द्यायला मनाई होती. नॉकआउट झाला नाही तर अधिकृत निकालच नाही, मग दुसऱ्या दिवशी बातमीदार आपापल्या पेपरात विजेता ठरवत. ग्रेबच्या कितीतरी लढती अशा आहेत. त्यामुळे एकाच बॉक्सरचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे दिसले तर गोंधळू नका. एकाने हे ‘वर्तमानपत्री निकाल’ मोजलेले असतात, दुसऱ्याने नाही.

सहावी पायरी: हेवीवेटना वेगळी वही

बाकी गटांत वजनाची कमाल मर्यादा असते, हेवीवेटला ती नाही. मार्सियानो साधारण 185 पाउंडांचा होता. हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाची आजची मर्यादा 200 पाउंडांची, म्हणजे तो त्या गटातही हलका ठरला असता. मे 2024 मध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा उसिक 220 च्या वर आणि फ्युरी 260 च्या वर होता. त्या लढतीने एक गोष्ट दाखवून दिली की मोठा माणूस आपोआप जिंकत नाही. पण 40 पाउंडांचा फरक आणि 75 पाउंडांचा फरक यात तफावत आहेच. म्हणून हेवीवेटची स्वतंत्र यादी करा आणि सर्व गटांच्या एकत्र यादीत त्यांना जरा कमी जागा द्या. लोकप्रियता त्यांच्या बाजूने असते, स्पर्धेची खोली बहुधा हलक्या गटांत असते.

इथेच माइक टायसनचा मोह आवरायला हवा. विसाव्या वर्षी जगज्जेता, मायकेल स्पिंक्सला दीड मिनिटात आडवा केला, पाहायला त्याच्यासारखी मजा नाही. पण पहिल्या तिनात बसवायची घाई करण्याआधी त्याचं पान भरा. ऐन भराचा काळ 1986 पासून फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसकडून हरेपर्यंतचा. पुढे इव्हँडर होलीफिल्ड आणि लेनक्स लुईस या त्याच्या काळातल्या दोन सर्वोत्तम हेवीवेटकडून पराभव. शिखराला जास्त गुण द्यायचे की टिकून राहण्याला, हे तुम्ही ठरवा, मात्र जो नियम टायसनला लावाल तोच सगळ्यांना लावा.

सातवी पायरी: क्रमांक नव्हे, आधी थर

थेट एक ते शंभर लिहायला बसू नका. आधी चार-पाच मोठे थर पाडा: निर्विवाद थोर, त्यांच्या खालोखाल, आणि असेच पुढे. मग एका थरातल्या दोघांना जोडीजोडीने तपासा आणि प्रत्येक निर्णयाचं कारण एका वाक्यात लिहा. कारण लिहिता आलं नाही तर तो निर्णय आवडीतून आलेला आहे. अजून लढत असलेल्यांना पेन्सिलने लिहा. वासिल लोमाचेन्कोने तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत जागतिक विजेतेपद जिंकलं तेव्हा अनेकांनी त्याला सार्वकालिक यादीत बसवून टाकलं होतं. पुढे त्यातल्या कित्येकांना हात आखडता घ्यावा लागला.

पहिला सराव दूरच्या काळावर करू नका. लेनर्ड, हर्न्स, रोबर्तो दुरान आणि मार्विन हॅग्लर हे चौघे घ्या. सगळे एकमेकांशी लढले, सगळ्या लढती पूर्ण पाहायला मिळतात. दुरानने जून 1980 मध्ये लेनर्डला हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्याचविरुद्ध मधेच लढत सोडली. लेनर्डने हर्न्सला हरवलं, हर्न्सने दुरानला दोन फेऱ्यांत झोपवलं, हॅग्लरने हर्न्सला तीन फेऱ्यांत, आणि 1987 मध्ये लेनर्डने हॅग्लरवर तीनपैकी दोन पंचांच्या कौलाने विजय मिळवला, ज्यावर आजही एकमत नाही. 1988 मध्ये इरान बार्कलीने हर्न्सला नॉकआउट केलं आणि पुढच्याच वर्षी 37 वर्षांच्या दुरानने बार्कलीला हरवून मिडलवेटचं विजेतेपद घेतलं.

माझ्या वहीत दुरान पहिला आहे, कारण मी सत्तरच्या दशकातली त्याची लाइटवेटची सगळी वर्षं धरतो. फक्त या चौघांच्या आपसातल्या लढती धरल्या तर लेनर्डला पहिला मानावं लागतं. तुम्ही यातलं काय धरता ते आधी वहीत लिहा, मग चौघांचा क्रम लावा.